पाच ते अकरा

तीस वर्षं मी वीज कचेरीच्या कंट्रोल रूममध्ये काढली आणि तेवढ्या काळात घड्याळ वाचण्यात माझी एकदाही चूक झाली नाही. हे मी वस्तीत इतक्या वेळा ऐकवलंय की लोक मला वेळ विचारण्याआधी दोनदा विचार करतात. नुसती वेळ सांगून मी गप्प बसत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. निवृत्त झालो, बायको गेली, गुडघे गेले, पण हा टेंभा मिरवायचं काही सुटलं नाही.

आमच्याकडे दिवस सूर्याबरोबर सुरू होतो. सूर्य उगवून तास झाला की एक वाजतो, तो डोक्यावर आला की सहा. मावळून तास झाला की रात्रीचा एक. आई लेकाला हीच वेळ सांगते, चर्चमध्ये हीच, लग्नपत्रिकेवरही हीच. यंत्रं मात्र परदेशातून येतात आणि त्यांचं घड्याळ मध्यरात्रीपासून चालतं. आमच्या रात्रीच्या पाचला ती तेवीस म्हणतात, पहाटेच्या अकराला पाच. कंट्रोल रूमच्या भिंतीवर दोन्ही घड्याळं शेजारी शेजारी होती. नवीन आलेली माणसं फरक काढायला बोटं मोजायची. मी कधी मोजली नाहीत.

आमची वस्ती अदिस अबाबाच्या उत्तरेला, डोंगराच्या उतारावर. ऐंशी घरं आणि खांबावर एक डीपी. कचेरीत आम्ही तिला ट्रान्सफॉर्मर म्हणायचो, पण वस्तीत तसं म्हटलं की लोक समजतात म्हातारा शिष्टपणा करतोय. ती बसवली तेव्हा घरात दोन दिवे आणि एक रेडिओ असायचा. मग आले मिताद, इंजेरा म्हणजे आमची आंबवलेल्या पिठाची पोळी भाजायचे विजेचे मोठे तवे. आणि मग सरकारने पेट्रोलच्या गाड्या बाहेरून आणणं बंद केलं आणि दोन वर्षांत वस्तीत पाच विजेच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या. संध्याकाळी गाडीवाले घरी येणार, आल्या आल्या वायर खोचणार, त्याच वेळी घराघरात दिवे, टीव्ही, चुली. डीपी दोनदा जळली. दुसऱ्यांदा आम्ही अकरा दिवस अंधारात होतो. दुरुस्तीला आलेला इंजिनिअर एकेकाळी माझ्या हाताखाली होता. तो मान खाली घालून म्हणाला, "गाशे बेझाबिह, मी तुमचा मान ठेवतो, पण तिसऱ्यांदा जळली तर आमच्याकडे येऊ नका. तुमच्या वस्तीचं काय ते तुम्हीच ठरवा." मोठ्या माणसाला आम्ही गाशे म्हणतो, आणि असं काही सुनवायचं असलं की आवर्जून म्हणतो.

वस्तीचं काय ते ठरवायला आमच्याकडे एकच जागा, इद्दिर. इद्दिर म्हणजे मयताला धावून येणारी मंडळी. कुणी गेलं की इद्दिरचा तंबू दारात उभा राहतो, बाकं येतात, भांडी येतात, तीन दिवस त्या घरची चूल शेजारी पेटवतात, आणि खांदा द्यायला माणूस शोधावा लागत नाही. ज्याचं नाव इद्दिरच्या वहीत नाही, त्याच्या घरी मरण आलं तर दार लावून घ्यावं लागतं. ती वही माझ्याकडे. मी इद्दिरचा लिहिणारा.

सभेत मी उभा राहिलो आणि म्हणालो, "पीठ थांबत नाही. आंबलं की त्याला तव्यावर घालावंच लागतं. गाडी थांबते. तिला रात्री कधीही जेवायला घाला, सकाळी ती तयार असते. शहर झोपतं तेव्हा धरणावरची वीज घ्यायला कुणी नसतं. गाड्यांनी तेव्हा खावं. वेळेवर खाल्लं तर याच गाड्या डीपीला सांभाळतील. अवेळी खाल्लं तर तिचा कणा मोडतील."

"गाशे, माझ्या पिठाला तुमचं घड्याळ कळतं का?" त्सिगेने विचारलं. त्सिगेचे तीन मिताद, ती अर्ध्या वस्तीला इंजेरा विकते आणि उरलेल्या अर्ध्या वस्तीला बोलून घेते.

"तुझ्या पिठाला नाही कळत, म्हणून तर गाड्यांना शिकवायचं."

लोक हसले. मला बरं वाटलं. मी कागद लिहिला: मिताद सकाळी एक ते पाच, गाड्या रात्री पाच ते अकरा. तो कागद इद्दिरच्या दारावर चिकटवला. खाली अध्यक्ष अतो मेकुरियांनी शिक्का मारला आणि नियम केला की ज्याच्या गाडीमुळे डीपी जळेल त्याचं नाव वहीतून कापायचं. हा नियम मीच सुचवला होता. नियमाला दात नसले तर तो कोण पाळतो, असं मी म्हणालो होतो. पाच महिने सगळं इतकं सुरळीत चाललं की तो इंजिनिअर दोन वस्त्यांतल्या लोकांना माझा कागद दाखवायला घेऊन आला.

पाचवी गाडी दम्तेवची. दम्तेव टॅक्सी चालवतो, पस्तिशीचा, अजून बिनलग्नाचा. कारण घरात आई. एतेते यशीमेबेत. आम्ही तिला एतेते म्हणतो, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं. माझी बायको गेली तेव्हा तिला आंघोळ घालायला हीच पुढे झाली. तीन दिवस माझ्या तोंडात घास हिने घातला, अगदी हाताने, मी नको म्हणत असताना. चाळीस वर्षं तिचं नाव वहीत होतं. गेल्या वर्षी अंथरुणाला खिळली तेव्हा ती म्हणाली, आता घर पोराचं, वहीत नावही त्याचंच लिही. मी लिहिलं.

दम्तेवने फासिकाच्या, म्हणजे आमच्या ईस्टरच्या, आठवड्यात जुनी गाडी देऊन दुसरी घेतली, मोठ्या बॅटरीची. भिंतीवर नवा चार्जर बसवला. तो एकटा तीन मितादांइतकी वीज ओढायचा. शुक्रवारी संध्याकाळी, दिवसभर चर्चमध्ये उठाबशा आणि साष्टांग नमस्कार घालून माझे गुडघे भरून आले होते, पोटात काही नव्हतं, तेव्हा त्याने मला दारातून हाक मारली.

"गाशे, जरा या. हिच्या पडद्यावर सगळं चिनी आहे. या अक्षरांत माझा बाप शोधला तरी सापडायचा नाही. वेळ तुम्हीच लावून द्या."

"अक्षरं चिनी असू देत," मी म्हणालो, "आकडे सगळ्यांचे सारखेच असतात."

गाडीत बसलो. दोन चौकोन होते, एक सुरू व्हायचा, एक थांबायचा. आतून एतेतेचा आवाज आला, "कोण, बेझाबिह का? आत ये, जरा बस माझ्याजवळ." मी म्हणालो, आलोच. आणि लिहिलं: पाच. आणि अकरा. जसं माझ्या कागदावर होतं तसं. जसं बायकोला सांगितलं असतं तसं. तीस वर्षं बोटं मोजली नाहीत, त्या दिवशीही मोजली नाहीत.

मग आत जाऊन एतेतेजवळ बसलो. तिचा हात फार हलका झाला होता.

शनिवारी सकाळी सगळ्या वस्तीत मिताद तापले. पंचावन्न दिवसांचा उपास दुसऱ्या दिवशी सुटणार, प्रत्येक घरात कोंबडीचा रस्सा आणि त्याखाली पसरायला इंजेरा. त्या दिवसाचा लोड मी आधीच मांडून ठेवला होता, अगदी काठोकाठ. गाड्या झोपलेल्या, म्हणून डीपीला सगळे मिताद पेलणार होते. तीन वाजता खांबावर असा आवाज झाला की कोंबड्या ओरडायच्या थांबल्या. मग काळा धूर आणि तेलाचा वास.

पहिली हाक त्सिगेने दिली. "दम्तेवच्या भिंतीवर चार्जरचा हिरवा दिवा लुकलुकत होता! आत्ता, दहा मिनिटांपूर्वी! मी या डोळ्यांनी बघितला!"

दम्तेव बाहेर आला तो डोळे चोळत. रात्रभर आईला धाप लागली होती, तो बसून होता, गाडी बाहेर काढलीच नव्हती. "दिवा मीही बघितला," तो म्हणाला. "पण गाशेंनी वेळ लावली होती. मी हात लावला नाही."

लोकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "बघू. सण होऊ दे."

फासिकाच्या दिवशी वस्तीत बेकरीचे पाव खाल्ले गेले. घराघरातलं पीठ आंबून आंबून वास मारायला लागलं आणि लोकांनी ते गटारात ओतलं. त्सिगेने तिन्ही बादल्या माझ्या दारासमोरून नेऊन ओतल्या, मुद्दाम. दुपारी मी दम्तेवकडे गेलो. तो आत आईला पाणी पाजत होता. गाडी उघडी होती. मी बसलो, पडदा सुरू केला.

पाच. अकरा. आणि त्या गाडीच्या कोपऱ्यात तिचं स्वतःचं घड्याळ: चौदा वाजून वीस मिनिटं.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं, आणि मी तर बसलेला होतो. गाडीने पहाटे पाचला खायला सुरुवात केली होती, परक्यांच्या पाचला, आणि अकरापर्यंत खाणार होती. म्हणजे आमच्या बायका तव्यापुढे बसल्या होत्या त्या सगळ्या वेळात. दम्तेवने हात लावला नव्हता. कंट्रोल रूमच्या बेझाबिहने लावला होता.

मी आत जाऊन तेवढं बोलायला हवं होतं. चार पावलं होती. पण मला वहीतून नाव कापायचा माझा नियम आठवला, आणि त्सिगेच्या बादल्या, आणि तो इंजिनिअर, आणि वस्तीत आता लोक माझ्याकडे बघून काय हसतील ते. मी बोट पुढे केलं आणि पाचाचे तेवीस केले, अकराचे पाच. दहा सेकंद लागले असतील. मग दार हळू लावून घेतलं. चोराने लावावं तसं.

डीपी सहाव्या दिवशी आली, तीही दुसऱ्या वस्तीतून काढलेली जुनी. त्यासाठी मला त्या इंजिनिअरच्या टेबलासमोर तासभर उभं राहावं लागलं. त्याने बसायला सांगितलं नाही.

रविवारी सभा भरली. अतो मेकुरिया म्हातारे, सरळ माणूस. त्यांनी दम्तेवला उभं केलं.

"तुझ्या गाडीने डीपी जाळली. काय म्हणणं आहे?"

"वेळ गाशे बेझाबिहनी लावली होती. मी फक्त वायर खोचली."

"बेझाबिह, तू काय वेळ लावली होतीस?"

मी उभा राहिलो. "कागदावरची," मी म्हणालो. "परक्या घड्याळाने तेवीस ते पाच. गाडीत अजून तशीच असेल. जाऊन बघा."

चौघं जण गेले आणि बघून आले. तेवीस ते पाच, ते म्हणाले. त्यांच्याबरोबर दम्तेवही गेला होता. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"म्हणजे चार्जर मीच दिला सुरू करून," त्सिगे हात नाचवत म्हणाली. "त्याच्या गाडीत भूत बसलंय, ते सकाळी उठून बटण दाबतं, रात्री परत ठीक करतं!"

"गाशे खोटं कशाला बोलतील?" दम्तेव हळू म्हणाला. मला वाटलं तो टोमणा मारतोय. मी त्याच्याकडे बघितलं. तो खरंच तसं समजत होता. "रात्री आईला फार त्रास होत होता. बॅटरी किती भरलीय ते बघायला मी मधे एकदा गाडीत जाऊन बसलो होतो, दवाखान्यात न्यावं लागलं तर म्हणून. तेव्हा माझा हात लागला असेल कुठेतरी. लागलाच असणार. माफ करा मला."

तो कमरेत वाकला. सगळ्यांसमोर, ज्यांच्या घरची माणसं त्याने दवाखान्यात पोचवली होती, एक पैसा न घेता, त्यांच्यासमोर.

हात वर झाले. बरेच झाले, सगळे नाही. मेकुरिया माझ्याकडे वळले. "लिही."

मी वही उघडली आणि दम्तेवच्या नावावर रेघ मारली. रेघ सरळ आली. माझं अक्षर अजून चांगलं आहे.

दोन दिवसांनी एतेतेने मला बोलावून घेतलं. दम्तेव टॅक्सी घेऊन गेला होता. तो आता घरी चार्जिंग करतच नव्हता, शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन रांगेत उभा राहायचा, म्हणून घरी उशिरा यायचा. भिंतीवरच्या चार्जरवर त्याने गोणपाट टाकलं होतं.

एतेतेला बोलायला कष्ट पडत होते. दोन शब्द, मग श्वास, मग दोन शब्द.

"बेझाबिह, वही तुझ्याकडे आहे ना?"

"आहे."

"पोराचं नाव गेलं. कापलंस ते बरोबरच. लहानपणापासून धांदरट आहे, दिसेल त्याला हात लावतो. पण माझं वेगळं लिही. चाळीस वर्षं मी कुणाच्या मयताला चुकले नाही. तुझ्या बायकोला मी..." तिला पुढे बोलवेना.

"माहीत आहे मला, एतेते."

"मग लिहिशील ना? मला चौघांनी न्यावं. तो एकटा कसा उचलेल मला?"

पोटातलं सगळं ओठांवर आलं होतं. मी म्हणू शकत होतो, तुझा पोरगा धांदरट नाही, एतेते, मी आहे. त्या खोलीत आम्ही दोघंच होतो, ऐकणारं तिसरं कुणी नव्हतं. आणि मी म्हणालो, "बघतो."

बघतो. कचेरीत अर्ज घेऊन आलेल्या माणसाला म्हणतात तसं.

घरी येऊन मी वही उघडून बसलो. तिचं नाव वेगळं लिहायचं तर सभेला कारण सांगावं लागणार. खरं कारण सांगितलं तर माझं नाव जाणार, आणि मी एकटा. मला उचलायला तर धांदरट मुलगाही नाही. असा विचार मी केला, हे मी लपवत नाही. वही मिटली. उद्या मेकुरियांकडे जाऊ म्हटलं. दुसऱ्या दिवशी गुडघे दुखत होते. तिसऱ्या दिवशी पाऊस होता.

चौथ्या दिवशी उजाडायच्या आत दम्तेवच्या घरातून एक आवाज आला. बाईचा नाही, पुरुषाचा. एकच.

थोड्या वेळाने माझं दार वाजलं. शिफेराव होता. कुणी गेलं की शिफेराव पहाटे तुरुंबा फुंकत गल्लीगल्लीतून फिरतो आणि नाव पुकारतो. तो आवाज ऐकला की वस्ती उठते, कुणाच्या घरी ते कळतं, आणि माणसं तंबू काढायला निघतात. तुरुंबा त्याच्या काखेत होता.

"गाशे, एतेते यशीमेबेत गेली," तो म्हणाला. "मी काय करू? नाव वहीत नाही. तुम्ही सांगितलंत तर फुंकतो, नाही तर घरी जाऊन झोपतो. मला या भानगडीत पडायचं नाही."

"दे इकडे."

"काय?"

"तुरुंबा दे."

"तुम्हाला येतो का फुंकता?"

नाही येत. मी पायजम्यावरच बाहेर पडलो, अंगावर जाड सुती गाबी ओढली, आणि पहिल्या गल्लीच्या तोंडाशी तुरुंबा ओठाला लावला. नुसती फुसफुस निघाली. पुन्हा फुंकला. कुत्रं भुंकलं. शिफेराव मागून येत होता आणि आपलं हसू दाबत होता की रडू, कळलं नाही. मग मी तो खाली केला आणि ओरडलो. कंट्रोल रूममध्ये लाइन तुटली की फोनवर ओरडायचो तसा.

"यशीमेबेत गेली! दम्तेवची आई गेली! उठा! डीपी दम्तेवने जाळली नाही, मी जाळली! गाडीत वेळ चुकीची मी लावली, पाच ते अकरा, आपल्या घड्याळाने! आणि पकडला जाऊ नये म्हणून मी ती गुपचूप बदलली! सभेत खोटं बोललो तो मी! यशीमेबेत गेली! उठा!"

पहिल्या गल्लीत एक खिडकी उघडली. दुसऱ्या गल्लीत मी पुन्हा सगळं म्हटलं, शब्दनशब्द. तिसऱ्या गल्लीत त्सिगेचं घर. ती उंबरठ्यावर उभी होती, केस मोकळे, हातात दिवा.

"काय म्हणालात, गाशे?"

मी तिच्या तोंडावर पुन्हा म्हटलं. माझा आवाज फाटला होता. तिने दिवा खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं ती थुंकेल. ती म्हणाली, "आणि मी त्या पोराच्या गाडीत भूत बसलंय म्हणाले." मग आत वळून नवऱ्याला हाक मारली, "उठ रे, तंबूचे बांबू काढ!"

सगळ्या गल्ल्या झाल्या. शेवटचं दार दम्तेवचं. तोवर पूर्वेला पांढरं झालं होतं. दम्तेव दाराशी बसला होता, गुडघ्यांवर हात. त्याने ऐकलं होतं. अख्ख्या वस्तीने ऐकलं होतं, त्याने नाही ऐकलं असं कसं होईल.

मी त्याच्यासमोर उभा राहिलो. वाकायचं होतं, पण गुडघे वाकेनात.

"तुम्ही बदललंत," तो म्हणाला.

"हो."

"मी गाडीत बसलो तेव्हा कशालाही हात लावला नव्हता."

"नाही लावलास."

"मला आठवतच नव्हतं. रोज रात्री बसून आठवायचा प्रयत्न करत होतो, कुठे लागला हात." तो माझ्याकडे बघत नव्हता, समोर गोणपाट टाकलेल्या चार्जरकडे बघत होता. "आई परवा म्हणाली, दम्तेव, कुठल्या बोटाने दाबलंस ते दाखव. मी हे दाखवलं." त्याने उजव्या हाताचं मधलं बोट वर धरलं. "काहीतरी दाखवायला हवं होतं ना. ती त्या बोटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, माझी माती नेलीस तू. आणि तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर बोलली नाही."

मागे गल्लीत पावलं वाजायला लागली होती. मेकुरिया अंगावर गाबी घेऊन, काठी टेकत. त्सिगेचा नवरा आणि आणखी सहा जण तंबूचे बांबू घेऊन. बायका बाकं आणत होत्या. त्सिगेच्या दोन्ही हातांत पिठाच्या बादल्या. तिने अंगणात पाऊल टाकल्या टाकल्या मोठ्याने सांगितलं, "गाडीवाल्यांनो, तीन दिवस कुणी वायर खोचायची नाही. रात्री नाही, दिवसा नाही. सगळे मिताद इथल्यासाठी लागणार आहेत." आणि मागच्या घरातला मास्तर, ज्याच्या गाडीला रात्रीची वायर अजून खोचलेली होती, तो उलट्या पावली पळत वायर काढायला गेला. कागदावर असं काही लिहिलेलं नव्हतं. कुणी मला विचारलंही नाही.

मेकुरियांनी मला बाजूला घेतलं. "वही संध्याकाळी माझ्याकडे आणून दे," ते म्हणाले. "तुझ्या नावाचं तीन दिवसांनी बघू. मयताच्या घरात नको."

"आणतो," मी म्हणालो.

तंबू उभा राहायला लागला. चार कोपऱ्यांना दोर ताणायला माणसं हवी होती, तीन उभी होती. दम्तेव उठला, चौथा दोर उचलला, आणि इकडे तिकडे बघितलं. जवळ मीच होतो.

"धरा," तो म्हणाला. गाशे म्हणाला नाही.

मी दोर धरला. तो खुंटीला गाठ मारत होता आणि मी त्याच्या हाताकडे बघत होतो. मला माझं बोट वर करून दाखवावंसं वाटत होतं, हे बघ, याने, याने दाबलं. पण ते जिला दाखवायला हवं होतं ती आत भिंतीकडे तोंड करून झोपली होती.